उघड्या वहीचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या अंतरंगाविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आमच्या वर्गातही 'तो विज्ञानवाल्यांचा प्रांत' असे म्हणून हा विषय बाजूला सारला जातो. परंतु गेल्या काही वर्षांत सॉफ्टवेअरच्या जगात ज्या घडामोडी झाल्या त्या वाचत गेले, तसतसे माझे मत असे बनत गेले की हा प्रश्न मुळात आपलाच आहे. तो मालकीचा आहे, कराराचा आहे, जबाबदारीचा आहे आणि सरतेशेवटी जमाखर्चाचा आहे. जी वस्तू कोणालाही फुकट घेता येते, तिचा खर्च कोणाच्या नावे पडतो? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

ओपन सोर्स म्हणजे काय?

संगणकाला काम सांगण्यासाठी ज्या सूचना लिहाव्या लागतात, त्यांचा संच म्हणजे सॉफ्टवेअर. या सूचना माणूस आधी स्वतःला वाचता येतील अशा भाषेत लिहितो. त्यांना सोर्स कोड म्हणतात. मग त्यांचे यंत्राला कळणाऱ्या रूपात रूपांतर होते. बाजारात विकत मिळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आपल्या हाती येते ते हे दुसरे रूप. ते चालते, पण आत काय लिहिले आहे हे वाचता येत नाही.

आपल्या भाषेत सांगायचे तर, एखाद्या पेढीने भागीदाराला केवळ ताळेबंद दाखवावा. रोजकीर्द, खतावणी आणि प्रमाणके मात्र कपाटात कुलूपबंद ठेवावीत, तसा हा प्रकार आहे. ताळेबंद कदाचित अगदी बरोबर असेलही. परंतु तो बरोबर आहे की नाही, हे तपासण्याचा मार्ग भागीदाराकडे राहत नाही. ओपन सोर्समध्ये सगळ्या वह्या टेबलावर उघड्या असतात. ज्याला वाचता येते त्याने वाचाव्यात, चूक सापडली तर दाखवावी, स्वतःच्या गरजेप्रमाणे बदल करावा, आणि बदललेली प्रत दुसऱ्यालाही द्यावी.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ओपन सोर्स म्हणजे बेवारशी माल नव्हे. लेखकाचा लेखनाधिकार कायम असतो. तो एका लेखी परवान्याद्वारे इतरांना काही हक्क देतो आणि काही अटी घालतो. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ साली 'जीपीएल' हा परवाना आणला. त्याची मुख्य अट अशी की, तुम्ही आमच्या लिखाणात भर घालून ते इतरांना दिलेत, तर त्यांनाही तेच हक्क द्या. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' लिहायला घेतले. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्यापेक्षा जेमतेम वर्षाने मोठा. 'ओपन सोर्स' हे नाव रूढ झाले ते १९९८ पासून.

आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सच आहे. जगातील बहुसंख्य सर्व्हर त्यावर चालतात. भारत सरकारनेही २०१५ साली शासकीय कामांत ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. तेव्हा 'माझा त्याच्याशी संबंध नाही' असे म्हणण्याची सोय कोणालाच उरलेली नाही.

चार इमलीतला संगणक

या विषयाकडे मी प्रत्यक्ष वळले ते २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत. भोपाळच्या चार इमली या सरकारी वसाहतीत माझी आत्या राहते. चार इमली म्हणजे चिंचेची चार झाडे. आतोबा सरकारच्या लेखा विभागात आहेत. आत्या तिथल्या बायकांच्या भिशीचा हिशेब घरच्या जुन्या संगणकावर ठेवते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. घरगुती ग्राहकांना आणखी एका वर्षाची मुदत काही अटींवर दिली होती, पण आत्याचे यंत्र 'विंडोज ११' च्या नियमांत बसत नव्हते. यंत्र धडधाकट, पण पुढची वाट बंद, अशी ही अवस्था.

आम्ही त्यावर 'लिनक्स मिंट' बसवून पाहिले. ते पेनड्राइव्हवरून आधी नुसते चालवून बघता येते. पसंत पडले तरच यंत्रावर उतरवावे. हिशेबासाठी 'लिब्रेऑफिस' त्यात असतेच. सर्व मिळून एका दुपारचे काम झाले आणि खर्च शून्य. आत्याला मेनू हिंदीत हवा होता, तोही मिळाला.

हा हिंदी मेनू कोठून आला, याची चौकशी करताना एक नाव समोर आले. रविशंकर श्रीवास्तव, म्हणजे हिंदी वाचकांचे रवी रतलामी. मध्य प्रदेशाच्या वीज मंडळात अभियंता असलेल्या या गृहस्थांनी नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि लिनक्सच्या पडद्यावरील हजारो इंग्रजी वाक्ये हिंदीत आणली. पुढे छत्तीसगढी भाषेसाठीही त्यांनी असेच काम केले. आधी रतलाम आणि नंतर भोपाळ येथे त्यांचे वास्तव्य होते. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. आत्या ज्या शहरात राहते त्याच शहरातल्या एका माणसाने तिच्यासारख्यांसाठी वर्षानुवर्षे श्रम केले होते, आणि आमच्यापैकी कोणालाही त्यांचे नाव ठाऊक नव्हते!

रात्री आतोबांनी मला विचारले, "अगं, फुकट ते पौष्टिक, हे ठीक. पण आमच्या खात्यात एका बाजूची नोंद चालत नाही. तुला जमा झालं, तर कुणाच्या तरी नावे पडलंच असणार. ते कुठं लिहिलंय?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. पुढचे दोन महिने मी जे वाचले ते या प्रश्नामुळेच.

दुकानाच्या वह्या आणि मुंबईची दोन उदाहरणे

आतोबांच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी, वह्या उघड्या असण्याने आपल्यासारख्यांना काय फरक पडतो ते पाहू. आमचे गावी खतबियाण्यांचे छोटे दुकान आहे. तेथील हिशेब काही वर्षे एका विकतच्या सॉफ्टवेअरवर होता. ते बसवून देणारे गृहस्थ गाव सोडून गेले, परवान्याची मुदत संपली आणि नंतर संगणकही बिघडला. हिशेबाची फाईल आजही आमच्याजवळ आहे, परंतु ती दुसऱ्या कशातही उघडत नाही. आत चार हंगामांची उधारी आहे. वडिलांनी ती आठवून आठवून पुन्हा कागदावर मांडली. ज्यांनी प्रामाणिकपणे सांगितले त्यांचीच वसूल झाली. माल आमचा, गिऱ्हाईक आमचे, आकडे आमचे. पण ज्या पेटीत ते ठेवले तिची किल्ली दुसऱ्याकडे होती. ओपन सोर्स असते तर फाईलची रचना कशी आहे हे कोणाही जाणकाराला वाचता आले असते आणि आकडे बाहेर काढता आले असते. प्रत काढून ठेवण्याची काळजी मात्र दोन्हीकडे सारखीच घ्यावी लागते, हेही सांगितले पाहिजे.

अशी हिशेबाची ओपन सोर्स सॉफ्टवेअर परदेशातून आणावी लागतात असे नाही. 'ग्नूखाता' हे मुंबईत तयार झाले. त्यामागचे प्रमुख नाव कृष्णकांत माने. श्री. माने दृष्टिहीन आहेत. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने ते प्रोग्रॅम लिहितात. द्विनोंदी पद्धतीने रोजकीर्द, खतावणी, तेरीजपत्रक आणि ताळेबंद तयार करणारे हे सॉफ्टवेअर. केरळमध्ये बारावीच्या वाणिज्य शाखेच्या संगणकीय लेखाकर्माच्या प्रात्यक्षिकांत त्याचा समावेश झाला. तिथल्या विद्यार्थ्याला घरी सराव करण्यासाठी विकतची किंवा चोरीची प्रत शोधावी लागली नाही, हा त्याचा साधा पण मोठा फायदा.

दुसरे उदाहरण 'ईआरपीनेक्स्ट' चे. मुंबईचे रुशभ मेहता यांनी २००८ साली सुरू केलेल्या आणि पुढे 'फ्रापे' नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीचे हे सॉफ्टवेअर. हिशेब, साठा, खरेदी-विक्री, पगारपत्रक अशी कारखान्याची सगळी कामे त्यात होतात, आणि तरीही त्याचा सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे. मग कंपनी जगते कशावर? सॉफ्टवेअरच्या प्रती विकून नव्हे, तर ते आपल्या सर्व्हरवर चालवून देणे, अडचण आली तर सोडवणे, अशा सेवेच्या मोबदल्यावर. म्हणजे वस्तू खुली, आणि किंमत सेवेची. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या 'वस्तू आणि सेवा' या जोडीचा इतका स्पष्ट वेगळेपणा मी दुसरीकडे पाहिला नाही.

खर्चाची बाजू

आता आतोबांचा प्रश्न. ग्राहकाला फुकट मिळते, सेवा विकणाऱ्या कंपनीचेही भागते. परंतु मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात शेकडो लहान लहान भाग असतात. ते कोणी एकट्यादुकट्याने लिहिलेले, वर्षानुवर्षे सांभाळलेले असतात. त्यांच्याकडे विकण्यासारखी सेवाही नसते. खर्चाची खरी बाजू येथे आहे.

२०१४ साली 'ओपनएसएसएल' मध्ये एक गंभीर दोष सापडला. संकेतस्थळाशी होणारे आपले बोलणे गुप्त ठेवणारे हे सॉफ्टवेअर बँकांपासून दुकानांपर्यंत सर्वत्र होते. चौकशीअंती कळले की या प्रकल्पाला वर्षाला सुमारे २,००० डॉलर देणग्या मिळत आणि पूर्णवेळ काम करणारे जवळजवळ कोणीच नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' ची पाळी आली. सर्व्हरवर काय काय घडले याची रोजनोंद ठेवणारे हे छोटे साधन. त्यातल्या दोषाला धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण मिळाले. ते सांभाळणारे बहुतेक जण आपापली नोकरी करून उरलेल्या वेळात हे काम करीत होते. जगभरच्या कंपन्यांच्या संगणकखात्यांची तेव्हा रात्रीची झोप उडाली, आणि दुरुस्ती करणारेही रात्र जागून काम करीत होते. फरक इतकाच की पहिल्यांना पगार होता.

परंतु सर्वांत बोलके उदाहरण 'एक्सझेड' चे. फाईल लहान करून ठेवणारे हे साधन बहुतेक प्रत्येक लिनक्समध्ये असते. फिनलंडचे लासे कॉलिन ते अनेक वर्षे विनामोबदला एकट्याने सांभाळत होते. २०२१ च्या सुमारास 'जिया तान' असे नाव लावणारी एक व्यक्ती मदतीला आली. ही व्यक्ती कोण, एक की अनेक, हे उघड झालेले नाही. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी कॉलिन यांच्यामागे लकडा लावला की काम फार सावकाश चालले आहे, दुसऱ्या कोणाला अधिकार द्या. आपली मानसिक प्रकृती बरी नसते आणि हे आपले बिनपगारी काम आहे, असे कॉलिन यांनी तेव्हा कळवलेही होते. हळूहळू जिया तानला बरोबरीचे अधिकार मिळाले. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसवला गेला. ज्याच्याजवळ गुप्त किल्ली असेल त्याला दूरच्या सर्व्हरमध्ये शिरून हवे ते करता यावे, अशी ही योजना होती.

ती उघडकीस आली ती एका माणसाच्या चौकसपणामुळे. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आणि 'पोस्टग्रेस' या ओपन सोर्स प्रकल्पातले आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या चाचणीच्या यंत्रावर दूरस्थ प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा उशीर होत असल्याचे जाणवले. तेरीजपत्रकात चार आण्यांचा फरक आला म्हणून रात्रभर वह्या चाळणारा जुन्या पेढीवरचा मुनीम आठवावा, असा हा स्वभाव. त्यांनी माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्व जगाला सावध केले. दूषित प्रती तोवर मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोचल्या होत्या, म्हणून मोठा अनर्थ टळला.

या घटनेवरून दोन्ही बाजूंनी युक्तिवाद झाले. वह्या उघड्या होत्या म्हणून चोराला आत येता आले, असे काही म्हणाले. वह्या उघड्या होत्या म्हणूनच चोर सापडला, असे दुसरे म्हणाले. मला वाटते दोन्ही अर्धी सत्ये आहेत. वही उघडी ठेवणे म्हणजे तपासणी झाली असे नव्हे. तपासायला कोणीतरी बसावे लागते, आणि बसणाऱ्याचे पोट असते. भागधारकांना वार्षिक अहवाल मिळतो म्हणून आपण हिशेबतपासनीस नेमणे सोडून देत नाही.

हा बोजा आता आणखी एका बाजूने वाढला आहे. 'कर्ल' हे स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचे, जाळ्यावरून माहिती आणणारे सॉफ्टवेअर. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या, दिसायला भारदस्त पण आत पोकळ अशा दोषांच्या तक्रारींचा ओघ त्यांच्याकडे सुरू झाला आणि २०२५ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. तक्रार लिहिणाऱ्याला मिनिट लागते. ती खोटी आहे हे सिद्ध करायला सांभाळणाऱ्याचे तास जातात.

या सगळ्या श्रमांची किंमत किती? हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ती मांडली आहे. मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे ओपन सोर्स एकदाच नव्याने लिहून काढायचे झाले तर सुमारे ४१५ कोटी डॉलर लागतील. परंतु ते अस्तित्वातच नसते आणि प्रत्येक कंपनीला आपापल्यापुरते लिहावे लागले असते, तर तो खर्च ८.८ लाख कोटी डॉलरच्या घरात गेला असता. हा दुसरा आकडा पहिल्याच्या दोन हजारपटीहून मोठा आहे. एवढा लाभ अनेकांच्या ताळेबंदांत शांतपणे मुरलेला आहे. त्याचे खाते मात्र कोणीच उघडलेले नाही. आतोबांना मी हेच कळवले. नावे पडले आहे, पण कीर्दीत नोंद नाही.

करार बदलतो तेव्हा

हा ताण परवान्यांतही दिसू लागला आहे. 'रेडिस' हे २००९ साली इटलीत जन्मलेले ओपन सोर्स सॉफ्टवेअर. वारंवार लागणारी माहिती ते चटकन हाताशी ठेवते. मोठ्या क्लाउड कंपन्या ते आपल्या सेवेत विकून नफा मिळवतात आणि आमच्या पदरी काही पडत नाही, अशी रेडिस कंपनीची तक्रार. म्हणून मार्च २०२४ मध्ये तिने परवाना बदलून तो अधिक जाचक केला. काही दिवसांतच जुन्या खुल्या प्रतीवरून 'वाल्की' नावाचा वेगळा संसार थाटला गेला. लिनक्स फाउंडेशनने त्याला छत्र दिले आणि मोठ्या क्लाउड कंपन्या तिकडे गेल्या. मे २०२५ मध्ये रेडिसने पुन्हा एक मान्यताप्राप्त ओपन सोर्स परवाना उपलब्ध करून दिला.

एकत्र कुटुंबातून एखाद्याने वाटणी मागावी तसा हा प्रकार. मात्र येथे वाटणीत कोणाचेच शेत कमी होत नाही. दोघांनाही संपूर्ण प्रत मिळते. कमी पडतात ती कामाची माणसे. आत्याच्या संगणकावरचे लिब्रेऑफिससुद्धा अशाच वाटणीतून २०१० साली 'ओपनऑफिस' पासून वेगळे झाले. तेव्हा वेगळे होण्याचा हक्क हीच ग्राहकाची खरी ठेव आहे. आमच्या दुकानाला नेमका तोच नव्हता.

पैसे कोणी द्यावेत?

उपाय शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. जर्मनीने २०२२ साली सरकारी निधीतून अशा मूलभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी स्वतंत्र योजना सुरू केली. रस्ते आणि पूल यांच्या डागडुजीला जसा अर्थसंकल्पात पैसा लागतो, तसाच यालाही लागतो, ही त्यामागची दृष्टी. आपल्याकडे बेंगळुरूच्या झेरोधा या दलाली पेढीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी दरवर्षी १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. आमचा धंदा याच सॉफ्टवेअरवर उभा राहिला, अशी त्यांची उघड कबुली आहे. युरोपने सायबर सुरक्षेचा नवा कायदा केला. तो डिसेंबर २०२४ मध्ये अस्तित्वात आला, आणि त्यातली मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होण्याची तरतूद आहे. माल विकून पैसे मिळवणाऱ्यावर जबाबदारी टाकावी, फुकट लिहिणाऱ्या स्वयंसेवकावर नव्हे, असा फरक त्यात केला आहे. नफा ज्याचा, जोखीम त्याची, हे तत्त्व आपल्याला नवीन नाही.

तरीही केवळ देणग्यांवर हे भागेल असे मला वाटत नाही. देणगी ही मर्जीची गोष्ट असते. घसारा मात्र दरवर्षी काढावाच लागतो. ज्या कंपन्या ओपन सोर्स वापरतात, त्यांनी त्याच्या देखभालीची तरतूद वार्षिक खर्चात नियमाने धरावी, असे मला वाटते. उद्या आपल्यातलेच काही लेखापाल होतील, काही सनदी लेखापाल. 'हे सॉफ्टवेअर फुकट आहे' असे अशिलाने सांगितले, तर 'ते सांभाळतो कोण, आणि उद्या त्याने सोडले तर काय?' हा प्रश्न विचारणे आपल्या कामाचाच भाग ठरेल.

दोन भाषांच्या विद्यार्थ्यांनी

आपल्यापाशी पैसे नाहीत, प्रोग्रॅम लिहिण्याचे ज्ञानही नाही. परंतु रवी रतलामींनी जे केले ते मुख्यतः भाषेचे काम होते, आणि भाषा आपल्याजवळ दोन आहेत. आपल्या या अंकाचे मराठी आणि कानडी असे दोन विभाग आहेत, याचा अर्थच तो.

कानडीत याचे एक सुंदर उदाहरण आहे. व्ही. कृष्ण या गृहस्थांनी सुमारे चार दशके खपून दीड लाखाहून अधिक शब्दांचा कन्नड-इंग्रजी कोश एकट्याने रचला. २०१९ साली तो 'अलर' या नावाने इंटरनेटवर सर्वांसाठी खुला झाला, आणि त्याचा मूळ मजकूरही खुल्या परवान्याखाली देण्यात आला. मराठीकडे पाहावे तर मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने 'मुक्ता' आणि 'बलू' ही देवनागरी अक्षरे खुल्या परवान्याखाली दिली. बलूचेच कानडी भावंड 'बलू तम्मा' या नावाने आहे. म्हणजे दोन्ही विभागांची शीर्षके एकाच घराण्याच्या अक्षरांत, आणि तीही उजळ माथ्याने, छापता येतील.

आता राहिले हिशेबाचे शब्द. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारखीला पहिल्या वर्षी 'डेबिट' आणि 'क्रेडिट' ने घाबरवले होते, पण 'नावे' आणि 'जमा' हे शब्द मी दुकानात लहानपणापासून ऐकत होते. कानडी मैत्रिणींचेही तसेच. आणि गंमत अशी की आपल्या सीमाभागात हे शब्द फारसे वेगळे नाहीत. आपली कीर्द ती त्यांची किर्दी, आपला खर्च तो त्यांचा खर्चु, आणि जमा तर दोघांचीही जमाच. असे दोन-तीनशे शब्द दोन्ही भाषांत नीट जुळवून ते ओपन सोर्स हिशेबाच्या सॉफ्टवेअरला देता येतील. भाषांतराचे बहुतेक काम आता संकेतस्थळावर इंग्रजी ओळीसमोर आपली ओळ लिहून करता येते. त्याला प्रोग्रॅम लिहिता यावा लागत नाही. यंत्राकडून भाषांतर करून घेणे आता सोपे झाले आहे हे खरे, परंतु 'बॅलन्स' म्हणजे कोठे शिल्लक आणि कोठे तोल, हे ठरवायला हिशेब कळणारा माणूसच लागतो.

वाणिज्य मंडळाच्या पुढील बैठकीत मी हा प्रस्ताव ठेवणार आहे. मराठीकडून चार जण आणि कानडीकडून चार जण मिळाले, तर एका सत्रात पहिली यादी पुरी होईल. ज्यांना यायचे असेल त्यांनी घरच्या दुकानात किंवा आजोबांच्या जुन्या वहीत सापडतील ते दहा शब्द अर्थासह लिहून आणावेत. आपण आजवर या वहीतून केवळ उचल केली आहे. भरणा करण्याची पहिली रक्कम लहान असली तरी हरकत नाही, पण तिची नोंद आपल्या हातची असावी.